नऊ महिन्यांच्या बाळाची मान डोलते आणि एक डोळा थरथरतो. एमआरआय करावा का?

प्रश्न: रावेर तालुक्यातील एक आई

सर्वांना नमस्कार. माझ्या मुलाला नववा महिना चालू आहे. बाळंतपण पूर्ण दिवसांचे झाले, जन्माच्या वेळी वजन चांगले होते, तो आधाराशिवाय बसतो, आवाजाच्या दिशेने वळून पाहतो आणि घरातल्या माणसांना ओळखून हसतो. काही आठवड्यांपूर्वी अंगावर पाजताना, म्हणजे त्याचा चेहरा माझ्या अगदी जवळ असताना, माझ्या असे लक्षात आले की त्याचा डावा डोळा आडव्या दिशेने फार बारीक आणि फार भराभर थरथरतो. उजवा डोळा मात्र जवळजवळ स्थिर असतो. हातभर अंतरावरून पाहिले तर हे सहसा ध्यानात येत नाही, त्यामुळे सुरुवातीला घरात कोणाचा विश्वास बसला नाही.

श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी सगळे भाऊबंद एकत्र जमले, तेव्हा माझ्या चुलत सासूबाईंनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. बाळ समईकडे टक लावून पाहत होते आणि तेवढा वेळ त्याची मान सारखी डोलत होती, बरीचशी 'नाही नाही' म्हटल्यासारखी आणि मध्येच 'हो' म्हटल्यासारखी. त्याने नजर काढून घेतली की डोलणे थांबत होते. झोपेत मान अजिबात हलत नाही. त्याशिवाय तो डोके उजव्या खांद्याकडे किंचित कलते ठेवतो, हे आता जुने फोटो पाहताना जाणवते.

सासूबाई म्हणतात, 'वाढता वयमा आपोआप जाई.' गावातल्या डॉक्टरांनीही मोठा झाल्यावर जाईल असेच सांगितले आणि ताकदीचे औषध दिले. माझा भाऊ पुण्याला असतो. त्याचे म्हणणे आहे की मेंदूचा एमआरआय ताबडतोब करून घ्यावा. एवढ्या लहान बाळाला एमआरआयसाठी भूल द्यावी लागते असे ऐकून माझा जीव कासावीस होतो. ही फिट आहे का, हा मेंदूचा आजार आहे का, आणि आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे की बालरोगतज्ज्ञांकडे, याबद्दल ज्यांना अनुभव किंवा माहिती असेल त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर: चाळीसगावची एक आई

ताई, तुम्ही लिहिलेली तिन्ही लक्षणे माझ्या मुलीला होती: डोळ्याची बारीक थरथर, मान डोलणे आणि डोके कलते ठेवणे. तिच्या बाबतीत सर्व तपासण्यांनंतर डॉक्टरांनी 'स्पॅझमस न्यूटन्स' असे निदान केले. आता ती दुसरीत आहे, फळ्यावरचे नीट वाचते आणि तिची मान डोलणे शाळेत जाण्यापूर्वीच पूर्णपणे थांबले. हे आधी सांगते, कारण त्या काळात मला असे कोणीतरी सांगायला हवे होते.

मात्र तुमच्या सासूबाईंचे म्हणणे बरोबर ठरले तरी तपासणी टाळता येत नाही, हे मी अगदी मनापासून सांगते. आपोआप जाणारा प्रकार आणि आपोआप न जाणारा प्रकार बाहेरून अगदी सारखे दिसू शकतात. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले होते की हे निरुपद्रवी असण्याची शक्यता मोठी आहे, पण बाकीची कारणे नाहीत याची खात्री पटल्याशिवाय ते तसे लिहून देणार नाहीत. त्या एका वाक्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

एक काम तुम्ही आजच घरी करू शकता, ते म्हणजे मोबाईलवर व्हिडिओ काढणे. दवाखान्यात बाळ रडते, डोळे घट्ट मिटून घेते किंवा नवीन माणसाकडे पाहून स्तब्ध होते, आणि नेमके जे दाखवायचे ते दिसत नाही. खिडकीच्या उजेडात, दोन्ही डोळे चौकटीत येतील इतक्या जवळून एक व्हिडिओ काढा. बाळ एखाद्या खेळण्याकडे टक लावून पाहत असताना खांद्यापासून वरचा भाग दिसेल असा दुसरा काढा. आणि झोपेतून उठल्यानंतरच्या काही मिनिटांचा एक जरूर काढा. आमच्या डॉक्टरांनी डोळ्याचा व्हिडिओ संथ गतीने पुन्हा पुन्हा पाहिला होता.

दुसरी गोष्ट अशी की मान डोलू लागली म्हणून त्याचे डोके हातांनी धरून ठेवू नका. आमच्याकडे आजी-आजोबा प्रेमापोटी तसे करायचे. नेत्रतज्ज्ञांनी आम्हाला समजावले की डोळ्याची थरथर कमी व्हावी आणि समोरचे स्थिर दिसावे म्हणूनच बाळ मान हलवते. ती त्याची पाहण्याची धडपड असते, त्यात अडथळा आणायचा नसतो.

माझ्या मुलीच्या ज्या डोळ्याची थरथर जास्त होती, त्याच डोळ्यात पुढे थोडा तिरळेपणा आणि नंबर निघाला. मान डोलणे थांबले म्हणून आम्ही तपासण्या बंद केल्या असत्या तर ते वेळेवर कळले नसते. तिला चष्मा लागला आणि चांगल्या डोळ्यावर काही काळ पट्टी लावावी लागली. पट्टीला मुले फार विरोध करतात, पण ती गोष्ट पुढची आहे. आज त्याची काळजी करू नका.

उत्तर: नेत्रतपासणी तंत्रज्ञ, धुळे

चाळीसगावच्या ताईंनी लिहिलेल्या गोष्टींना मी माझ्या कामाच्या बाजूने थोडी जोड देतो. निदान करणे माझ्या अधिकारात नाही, पण नेत्रविभागात अशा बाळाचे काय काय पाहिले जाते ते सांगू शकतो.

स्पॅझमस न्यूटन्सचे वर्णन जुने आहे. राउडनिट्झ या डॉक्टरांनी 1897 मध्ये त्यावर लिहिले आणि अंधाऱ्या घरांत वाढणाऱ्या बाळांमध्ये तो होतो असे त्या काळी मानले जाई. आज त्याचे नेमके कारण अंधार हेच आहे असे कोणी म्हणत नाही, त्यामुळे घरात उजेड कमी पडला म्हणून असे झाले असा दोष कोणी तुम्हाला देत असेल तर तो मनावर घेऊ नये. हा प्रकार बहुधा वयाच्या पहिल्या वर्षात सुरू होतो. त्यातील डोळ्यांची हालचाल लहान, वेगवान आणि लंबकासारखी दोन्ही बाजूंना सारख्या गतीची असते, आणि दोन डोळ्यांत ती सारखी नसते; कित्येकदा ती एकाच डोळ्यात दिसते. तुम्ही डावा थरथरतो आणि उजवा स्थिर दिसतो असे जे लिहिले आहे, ते निरीक्षण डॉक्टरांना त्याच शब्दांत सांगा, कारण जन्मापासून असणाऱ्या नेहमीच्या नेत्रकंपात दोन्ही डोळे सहसा जोडीने हलतात.

तपासणीत प्रथम बाळ दोन्ही डोळ्यांनी वस्तूकडे पाहते का, ती हलवली तर मागोवा घेते का, आणि एक डोळा झाकला तर ते चिडते का, हे पाहतात. झाकलेला डोळा चांगला असेल आणि उघडा डोळा कमजोर असेल, तर बाळ हात झटकून झाकणारा हात दूर करते. ही साधी चाचणी कोणत्याही यंत्राशिवाय पुष्कळ काही सांगून जाते. त्यानंतर टॉर्चचा उजेड आळीपाळीने दोन्ही डोळ्यांवर टाकून बाहुल्या सारख्या आकुंचन पावतात का ते तपासतात. मग बाहुल्या मोठ्या करण्याचे थेंब घालून चष्म्याचा नंबर काढतात आणि आतला पडदा व डोळ्याची नस पाहतात. नसेचा रंग फिकट दिसला तर तो गंभीरपणे घ्यायचा संकेत असतो. थेंबांमुळे काही तास बाळाला उजेड सहन होत नाही; येताना टोपी घेऊन या आणि दुपारच्या उन्हात परत निघण्याची घाई करू नका.

आणखी एक प्रश्न तुम्हाला विचारला जाईल, त्याचे उत्तर घरी पाहून ठेवा. बाळ उजेडात डोळे फार किलकिले करते का, किंवा संध्याकाळी अंधारून आल्यावर चाचपडते का? डोळ्यांच्या पडद्याच्या काही जन्मजात आजारांतही अशीच थरथर आणि मान डोलणे दिसते. तशी शंका आली तर ईआरजी नावाची तपासणी करतात, तिच्यात प्रकाशाला पडदा कसा प्रतिसाद देतो त्याची विद्युत नोंद घेतली जाते. आईवडील नात्यातले असतील, म्हणजे मामाची मुलगी किंवा आत्याचा मुलगा असा संबंध असेल, तर तेही न संकोचता सांगावे, कारण पडद्याचे असे बरेच आजार आनुवंशिक असतात.

उत्तर: बालरोगतज्ज्ञ, शहादा

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी अतिशय नेमके वर्णन केले आहे. व्हिडिओ न पाहता आणि बाळाला हात न लावता मी निदान सांगणार नाही, परंतु त्यांच्या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या क्रमाने महत्त्वाची आहेत त्या क्रमाने देते.

पहिला प्रश्न फिटचा. ज्या प्रकाराला एक दिवसही थांबू नये तो म्हणजे इन्फंटाइल स्पॅझम, आणि त्याचा विचार आधी व्हायला हवा. विल्यम जेम्स वेस्ट या इंग्लंडमधील डॉक्टरांनी 1841 मध्ये आपल्या स्वतःच्या मुलाचे असे झटके वर्णन करून प्रसिद्ध केले होते. त्यात बाळ सलाम केल्यासारखे अचानक पुढे झुकते, हात पसरतात किंवा छातीशी येतात, क्षणभराने अंग सैल पडते आणि पुन्हा तेच होते. असे झटके एकापाठोपाठ एक, बहुधा झोपेतून उठल्यावर किंवा झोप लागताना येतात. झटक्यांच्या मालिकेनंतर बाळ पुष्कळदा रडते. हळूहळू ते हसायचे कमी होते आणि बसायला शिकलेले बाळ पुन्हा कोलमडू लागते. असे काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे आणि ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत हालचालींची नोंद, करून घ्यायचा, कारण उपचाराला झालेला उशीर मेंदूच्या वाढीला भोवतो. तुमच्या बाळाची मान पाहण्याच्या वेळी डोलते, नजर वळल्यावर थांबते आणि त्याची प्रगतीही चालू आहे. हे वर्णन त्या झटक्यांशी जुळत नाही. तरीही उठल्यानंतरचा व्हिडिओ काढण्याची वरची सूचना मला फार योग्य वाटते.

तसेच दोन्ही डोळे आडवे, उभे, तिरके असे कोणत्याही दिशेला सैरावैरा उडू लागले आणि सोबत बाळाचे हातपाय झटकू लागले, तर तो वेगळा आणि तातडीचा आजार असतो. त्यात पोटात किंवा छातीत न्यूरोब्लास्टोमाची (लहान मुलांतील एका कर्करोगाची) गाठ आहे का हे शोधावे लागते.

आता एमआरआयविषयी. डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांवर, विशेषतः त्या जिथे एकमेकींना छेदतात त्या ठिकाणी, ग्लायोमा नावाची गाठ असेल तर बाळाला हुबेहूब हीच तीन लक्षणे होऊ शकतात. अशी गाठ थोड्याच बाळांमध्ये सापडते. सरसकट सर्वांचा एमआरआय करावा की इतर काही चिन्हे असतील तरच करावा, यावर तज्ज्ञांमध्ये दोन मते आहेत. डोळ्याची नस, बाहुल्या, दृष्टी आणि वाढ सर्व काही व्यवस्थित असेल तर गाठ सापडण्याची शक्यता फार कमी असते, असे दुसऱ्या मताचे लोक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. माझे स्वतःचे मत मात्र एमआरआय करून घ्यावा असेच आहे. नऊ महिन्यांचे बाळ आपल्याला कमी दिसते असे सांगू शकत नाही आणि आपल्या भागात दर महिन्याला तज्ज्ञ नेत्रतपासणी होईलच याची शाश्वती नसते. ज्यांना नियमित तपासणी हाताशी आहे, त्यांच्यासाठी काही काळ लक्ष ठेवून वाट पाहणे हाही मार्ग असू शकतो. तुम्ही रावेरला आहात, त्यामुळे मी तो सुचवणार नाही. मात्र रात्रीत गाडी करून धावण्याचे कारण नाही. आधी नेत्रतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ या दोघांची तपासणी, आणि त्यानंतर काही आठवड्यांच्या आत एमआरआय, अशी गती पुरेशी आहे.

दोन गोष्टी घरीच पाहा. बाळाचे कपडे काढून चांगल्या उजेडात संपूर्ण अंगावर दुधाळ चहाच्या रंगाचे सपाट डाग आहेत का ते मोजा. पाच मिलिमीटरपेक्षा मोठे असे सहा किंवा अधिक डाग असतील तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आजाराचा विचार करावा लागतो आणि त्यात नसेवरची ही गाठ अधिक आढळते. दुसरे म्हणजे अंगणवाडीतल्या वाढीच्या तक्त्यावर वजनाची रेघ कशी चालली आहे ते पाहा. काही गाठींमध्ये बाळ आनंदी दिसते, नीट दूध पिते, उंचीही वाढते, पण वजन मात्र उतरत जाते. आपल्याकडे बारीक बाळ पाहिले की पोषणाचा दोष मानून ताकदीचे औषध देण्याकडे सर्वांचा कल असतो, म्हणून हे मुद्दाम सांगते. रक्तक्षय किंवा ड जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर तिच्यावर उपचार जरूर करावेत, पण त्याने मान डोलणे थांबेल अशा आशेवर पुढची तपासणी लांबवू नये.

आणखी एका अवस्थेचा उल्लेख करते, कारण तिच्यातही डोके हलते आणि घरची माणसे गोंधळतात. कोगन या नेत्रतज्ज्ञांनी 1952 मध्ये वर्णन केलेल्या या अवस्थेत बाळाला डोळे चटकन बाजूला वळवता येत नाहीत. उजवीकडचे काही पाहायचे असेल तर ते डोके झटक्याने उजवीकडे, तेही गरजेपेक्षा जास्त, फेकते. डोळे मागून वस्तूवर येऊन स्थिरावतात आणि मग डोके सावकाश परत येते. वरखाली पाहणे सहसा ठीक असते. मान सावरायला लागण्यापूर्वी अशी बाळे कोणाकडेच पाहत नाहीत, त्यामुळे त्यांना दिसत नाही असा समज होतो. वयाबरोबर पाहण्यात सुधारणा होते, पण बोलणे आणि चालणे उशिरा येऊ शकते, म्हणून तिथेही मेंदूचा, विशेषतः लहान मेंदूचा, एमआरआय करतात. तुमच्या बाळात डोळा थरथरतो आणि मान सलग डोलते. डोके एकदाच फेकले जात नाही. हा फरक व्हिडिओत सहज कळेल.

उत्तर: आशा कार्यकर्ती, यावल तालुका

वर डॉक्टर मॅडमनी सगळे सांगितलेच आहे, मी फक्त वाट सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे मुलांच्या आरोग्य तपासणीची सरकारी योजना, 2013 पासून चालू आहे आणि त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, परंतु पथकाची वाट पाहत बसण्याची गरज नसते. आपल्या गावच्या आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला सांगा. त्या ग्रामीण रुग्णालयातल्या पथकाशी बोलून देतात आणि तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मिळते. ती घेऊन गेल्यास पुढे पाठवणीही त्यांच्यामार्फत होते आणि खर्चाचा भार हलका होतो. लसीकरणाचे कार्ड, बाळाचा जन्मदाखला, आईचे आधार कार्ड आणि रेशनकार्ड सोबत ठेवा, म्हणजे एका कागदासाठी परत फिरावे लागणार नाही. पुढे मुंबईला पाठवले तर परळचे वाडिया बाल रुग्णालय केवळ मुलांसाठी आहे, आणि भुसावळहून दादरपर्यंत थेट गाड्या आहेत.

प्रश्नकर्ती: रावेर तालुक्यातील एक आई

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. आज सकाळी खिडकीपाशी व्हिडिओ काढला आणि तो संथ करून सासूबाईंना दाखवला. डाव्या डोळ्याची थरथर त्यांनी पहिल्यांदाच पाहिली, आणि आता त्या स्वतः सोबत येणार आहेत. बाळाच्या अंगावर पाठीला एक लहान डाग आहे, बाकी नाहीत. वजनाची रेघ गेल्या दोन नोंदींत वर जाण्याऐवजी जवळजवळ आडवी आहे, ते मात्र मी यापूर्वी पाहिले नव्हते. मॅडम, यामुळे काही फरक पडतो का? आणि भूल देण्याआधी बाळाला किती वेळ उपाशी ठेवावे लागते? तो रात्री दोन-तीनदा अंगावर पितो.

उत्तर: बालरोगतज्ज्ञ, शहादा

ताई, एक डाग पुष्कळ निरोगी बाळांना असतो, त्याची चिंता नको. वजनाची रेघ या वयात वरचे अन्न सुरू करताना किंवा जुलाब-तापानंतरही आडवी होते, त्यामुळे तेवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. परंतु डोळ्याची थरथर आणि थांबलेले वजन या दोन गोष्टी एकत्र आल्या की मी थांबण्याचा सल्ला देणार नाही. काही आठवडे असे मी आधी लिहिले होते, ते आता याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असे समजा. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दोन्ही विभाग आहेत. वाढीचा तक्ता सोबत न्या आणि तो डॉक्टरांच्या हातात देऊन रेघ दाखवा, केवळ तोंडी सांगू नका. एमआरआयची चिठ्ठी लिहिली जाईल तेव्हा मेंदू आणि डोळ्यांच्या नसा असे दोन्ही, काँट्रास्टसह (चित्र स्पष्ट यावे म्हणून शिरेतून देण्याच्या औषधासह), लिहिले आहे का एवढे विचारून घ्या, म्हणजे त्याच भुलेत सर्व होईल.

उपासाचा सर्वसाधारण नियम असा आहे की भुलेच्या आधी आईचे दूध चार तास, वरचे दूध सहा तास आणि साधे पाणी दोन तास बंद ठेवतात. घट्ट किंवा तळलेले अन्न त्याहून आधी थांबवतात. तुमचा नेमका वेळ भूलतज्ज्ञ सांगतील आणि तोच पाळावा. बाळासाठी सकाळचा पहिला क्रमांक मागून घ्या. पहाटे एकदा पोटभर पाजले की मधला वेळ बराचसा झोपेत जातो. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. यंत्राचा आवाज मोठा असतो, म्हणून बाळाच्या कानांवर संरक्षण बसवतात आणि संपूर्ण वेळ त्याच्या श्वासावर आणि नाडीवर लक्ष ठेवले जाते. बाळाला सर्दी, खोकला किंवा ताप असेल तर भूलतज्ज्ञांना तो आदल्या दिवशीच कळवावा. ते तारीख पुढे ढकलतील, आणि तसे केले तर त्याला उशीर समजू नये. कमरेचा काळा दोरा, त्यातला मणी, वाळे, सर्व धातू आधीच काढून ठेवा.

नेत्रतज्ज्ञांनी नसेविषयी आणि बाहुल्यांविषयी काय लिहिले ते इथे कळवा, मी वाचून उत्तर देईन.